स्ट्रोकदा

माझं वय ऐकून ज्याचा चेहरा फुलला असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. कोलकात्यात हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीची आरती नुकतीच आटोपली होती. माझ्या हातात प्रसादाचा द्रोण होता, आणि शेजारी उभा असलेला टकला, रुंद खांद्यांचा गृहस्थ मला नखशिखान्त न्याहाळत होता. बैलबाजारात बघतात तसं. शेवटी म्हणाला, "भाऊ, वय किती?"

"अठ्ठावन्न."

त्याने आपला द्रोण खाली ठेवला. "शाळेतलं की खरं?"

हा प्रश्न मराठी माणसालाच कळतो. माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटली. मीही एक जूनवालाच. दुसऱ्या दिवशी त्याने माझी पत्रिका मागवली. लग्नानंतर माझी पत्रिका मागणारा हा पहिलाच. पत्रिकेत मार्गशीर्ष निघाला, म्हणजे आदल्या वर्षीचा डिसेंबर. नोकरीत मला सहा महिने फुकट मिळाले होते ते मिळालेच, पण त्याच्या दृष्टीने एक अख्खं वर्ष सापडलं होतं. मग पासपोर्टावर एक जूनच आहे हे कळल्यावर तो इतका खचला, की मलाच त्याची समजूत घालावी लागली.

ह्या माणसाला सगळे स्ट्रोकदा म्हणतात. चौघांच्या बोटीत जो सगळ्यांत मागे, सुकाणू सांभाळणाऱ्या कॉक्सच्या समोर बसतो आणि ज्याच्या लयीत बाकीच्यांनी वल्हं मारायचं असतं, तो स्ट्रोक. हा गेली पस्तीस वर्षं स्ट्रोक आहे. 'अजून स्ट्रोक आहे' असं त्याच्या बायकोने नागपूरला मावशींना फोनवर सांगितलं, तेव्हा मावशी दोन दिवस मृत्युंजयाचा जप करत होत्या.

आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून गार्डन रीचला आले, ते इथलेच झाले. नातवाची मराठी त्यामुळे अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी बंगाली. बंगालीत पाणीही खातात, चहाही खातात आणि सिगारेटही खातात. स्ट्रोकदाही "बोटीत बसायच्या आधी जास्त पाणी खाऊ नका, भाऊ" असं बजावतो, आणि उशीर झाला की "काहून भाऊ, झोपून राहिले होते काय?" म्हणतो. पेशाने तो सीए. हे महत्त्वाचं आहे, कारण त्याचा खेळ रोइंग आहे असं लोक समजतात. खरा खेळ सरासरी.

प्रौढांच्या रोइंगला मास्टर्स म्हणतात, आणि ते सत्ताविसाव्या वर्षी सुरू होतं. ए गट सत्तावीसचा, बी छत्तीसचा, सी त्रेचाळीसचा, डी पन्नासचा, ई पंचावन्नचा, एफ साठचा, आणि पुढेही अक्षरं संपत नाहीत. गंमत अशी की प्रत्येकाचं वय सुटं बघत नाहीत, बोटीतल्या सगळ्यांची सरासरी काढतात. त्यातही वय म्हणजे त्या वर्षअखेरीस जे पुरं होईल ते. कॉक्सला ह्यातून वगळलेलं असतं. ऑलिंपिकवाले दोन हजार मीटर मारतात, मास्टर्सना एक हजार पुरे. ह्या लोकांची जागतिक स्पर्धा १९७३ पासून भरते आहे. स्ट्रोकदा तिला कधीही गेलेला नाही. पण दर वर्षी यजमान शहर जाहीर झालं, की विमान, व्हिसा, भाड्याची बोट आणि शाकाहारी जेवण ह्या चार रकान्यांची एक्सेल तयार असते.

तर माझ्या आगमनापूर्वी त्याच्या बोटीत होता तो स्वतः (चौपन्न), एक बँकवाले (एकावन्न), आणि एक डॉक्टर (एकोणपन्नास). चौथा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत कामी आलेला. मी धरून बेरीज दोनशे बारा, सरासरी त्रेपन्न, गट डी. पण ई गाठायला फक्त आठ वर्षं कमी पडत होती, आणि डीमध्ये खालून येणारी पन्नाशीची पोरं फार वेगवान. मला बोटीत घेतलं ते अंगातल्या जोरासाठी नव्हे. तरुणपणी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना संगमाजवळच्या बोट क्लबच्या रेगाटात मी दोन वर्षं पंट हाकली होती, हे मी बोलण्याच्या ओघात सांगून बसलो होतो. ते त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वय असलं की बाकीचं शिकवता येतं, असं त्याचं मत. डॉक्टरांचा मात्र त्याला मनातून राग होता. "चांगला आहे, हात लांब आहेत," तो मला खाजगीत म्हणाला, "पण फार कोवळा आहे."

आम्ही वल्हवतो ते रवींद्र सरोवरावर. जुने लोक अजून ढाकुरिया लेक म्हणतात. १९२०च्या दशकात कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दलदल खणून हे तळं केलं, ७३ एकर नुसतं पाणी, आणि १९५८ साली त्याला टागोरांचं नाव दिलं. शहरातलं रोइंग त्याहून जुनं. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा. आदल्या वर्षीचा उठाव अजून पुरता विझलाही नव्हता, आणि साहेबांना हुगळीवर क्लब सुचला. पुण्याचा रॉयल कॅनॉट त्यानंतर दहा वर्षांनी. हा सगळा इतिहास स्ट्रोकदा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बोट उचलता उचलता सांगतो. बोट पन्नास किलोहून जड असते, त्यामुळे मध्येच हरकत घेता येत नाही.

आता मुद्द्याचं. रोइंगमध्ये पाठ दुखते, तळहाताला फोड येतात, हे सगळे सांगतात. वयस्कर माणसाच्या रोइंगमधली खरी अडचण ती नव्हेच. चार पोक्त, कर्तेसवरते, घरदार असलेले पुरुष एकाच पहाटे साडेपाच वाजता एकाच काठावर उभे करणं, ही अडचण. धावणाऱ्याला बूट पुरतात. चौघांच्या बोटीला चौघं लागतात, आणि तिघं आले तर ती बोट नसते, ओंडका असतो. स्ट्रोकदाची पस्तीस वर्षांची कारकीर्द म्हणजे ह्या चौथ्या माणसाचा शोध.

आदल्या रात्री नऊला व्हॉट्सअपवर त्याचा प्रश्न येतो: "उद्या ४?" उत्तरात एक एक अंगठा उमटतो. पण अंगठ्यावर विसंबणारा माणूस सीए होऊच शकत नाही. पहाटे पावणेपाचला फोन वाजतो. "उठले?" हो म्हटलं तरी तो ठेवत नाही. नळाचा आवाज ऐकू येईपर्यंत धरून ठेवतो. एकदा मी अंथरुणातूनच तांब्यात पाणी ओतलं. "भाऊ," पलीकडून आवाज आला, "नळ सोडा."

सबबींची त्याच्याकडे वही आहे. खरोखरची, निळ्या पुठ्ठ्याची, जमा-नावे पद्धतीची. मी ती चाळली आहे. बँकवाल्यांचं खातं सगळ्यांत मोठं: मुलाची माध्यमिक परीक्षा, मुलाचा माध्यमिकचा निकाल, सासूबाईंचा मोतीबिंदू (उजवा), सासूबाईंचा मोतीबिंदू (डावा), जामाईषष्ठी, रविवारी मटणाच्या दुकानाची रांग. डॉक्टरांच्या नावावर एकच सबब सत्तावीस वेळा: गॅस. बंगाली माणसाच्या शरीरातल्या कुठल्याही घडामोडीचं निदान गॅसपाशी येऊन थांबतं हे मला ठाऊक होतं. पण स्वतः डॉक्टर असलेला माणूसही तेच म्हणतो, हे बघून वैद्यकशास्त्रावरचा विश्वास डळमळतो. डिसेंबरात पारा चौदावर उतरला की हेच गृहस्थ माकडटोपी घालून काठावर येतात, पाण्यात बोट बुडवून बघतात आणि "ठंडा लेगे जाबे" म्हणून चहाकडे वळतात. माझ्या खात्यात फक्त तीन नोंदी आहेत. त्यातली 'पाऊस (घरात)' ही मी आजही योग्य मानतो.

महालयापासून कालीपूजेपर्यंत वही बंद असते. त्या काळात चार माणसं मागणं अधर्म, असं तोही मानतो. एकटाच येतो, एकट्याची स्कल काढतो आणि पाणकावळ्यांच्या बेटाला वळसे घालतो.

चौघं जमलेच तर पाचवी येते. कॉक्स. क्लबातली शाळकरी मुलगी, जेमतेम चाळीस किलोची. रबरी चपला, दोन वेण्या, आणि आवाज असा की लाफ्टर क्लबची आजोबामंडळी हसायची थांबतात. बोटीत तिचीच सत्ता. जमिनीवर मी साहेब असेन, बँकवाले शाखाप्रमुख असतील. पाण्यावर आम्ही एक, दोन, तीन, चार. पुढच्या टोकाला बसणारा एक नंबर मी. पहिल्याच दिवशी शंभरेक मीटरवर माझं वल्हं मागे पडायला लागलं, आणि तळ्याच्या मधोमध तिने हाक मारली, "एक नंबर काकू, लेट!"

मी वल्हं मारायचाच थांबलो. बंगालीत काकू म्हणजे काका, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी अंगाला चिकटलेल्या एकसंध पोशाखात, सुटलेल्या पोटानिशी, दोन्ही काठांवर फिरायला आलेल्या निम्म्या बालीगंजसमोर काकू होणं वेगळं. त्या थांबण्यात माझं वल्हं पाण्यात आडवं अडकलं आणि दांडा थेट छातीवर आला. ह्याला रोइंगवाले क्रॅब पकडणं म्हणतात. डॉक्टर आणि बँकवाले माझ्याकडे पाठ करून बसलेले, त्यांना काही दिसलं नाही. पण क्रॅब हा शब्द ऐकल्याबरोबर दोघांत नारळाच्या दुधातला खेकडा कोणाकडे चांगला होतो ह्यावर चर्चा सुरू झाली. ती काठ येईपर्यंत चालली.

चार बाकांपैकी दोनांवर मराठी माणसं, म्हणून आमच्या बोटीला क्लबात बर्गी म्हणतात. बर्गी म्हणजे बंगालवर चालून आलेले मराठे स्वार, आणि इथल्या लोकांनी पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं विसरायचं नाही असं ठरवलेलं आहे. १७४२ साली मराठ्यांच्या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो अर्ध्यावरच राहिला, मराठे काही आले नाहीत, आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे अजून. "तुमच्यासाठी आम्ही पाणी आणलं, आणि तुम्ही पोचलातच नाही," डॉक्टर म्हणतात. "तेव्हाही लेटच."

ह्यावर स्ट्रोकदाकडे एकच अस्त्र आहे, आणि ते तो जपून वापरतो. आधी बंगालच्या नद्यांची स्तुती करतो, बाईचच्या शर्यती, भटियाली, सगळं. मग सहज विचारतो, "आणि रिओला सिंगल स्कल्सला कोण गेलं होतं?" गेला होता दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. जिथे टँकरची वाट बघावी लागते त्या गावचा, विहिरी खणून पोट भरलेला मुलगा. लष्करात गेल्यावर २०१२ साली त्याच्या हाती पहिल्यांदा वल्हं आलं, २०१६ ला तो ऑलिंपिकमध्ये तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्णपदक घेऊन परतला. "पाणी तुमच्याकडे," स्ट्रोकदा म्हणतो, "तहान आमच्याकडे." मग दोन मिनिटं बोटीत शांतता असते आणि त्या दोन मिनिटांत आम्ही चांगले वल्हवतो.

खरं सांगायचं तर चांगलं वल्हवणं आम्हाला एकदाच जमलं. फेब्रुवारीतली सकाळ होती, पाण्यावर धुकं, वारा अजिबात नाही. दक्षिण टोकाला बोट वळवली आणि कॉक्स नेहमीसारखी ओरडायच्या ऐवजी गप्प झाली. चार सीट एकाच वेळी रुळावरून पुढे सरकत होत्या, चार वल्ही एकाच 'टक्' आवाजात गेटमध्ये फिरत होती. आणि बोटीच्या पोटाखालून एक आवाज यायला लागला. दूध उतू जायच्या जरा आधी पातेल्याच्या कडेला जो बारीक आवाज येतो ना, तसा. पाण्याचे बुडबुडे लाकडाखालून पळत होते. मी मोजलं, अकरा वल्ही. बाराव्याला बँकवाल्यांना शिंक आली.

काठावर कोणीच काही बोललं नाही. भाँडातला लिंबाचा चहा घेऊन झाला, कचोरी-आलूदम झाला. स्ट्रोकदाने तेवढ्यात वही काढून मागच्या पानावर तारीख लिहिली आणि पुढे ११. मी डोकावलो. त्या पानावर आणखी तारखा होत्या. १९९४ च्या एका तारखेपुढे ४० होते. मग बरीच वर्षं नुसती कोरी.

एका बाबतीत मात्र हा माणूस कोणालाही आग्रह करत नाही. मे २०२२ मधल्या एका संध्याकाळी सरावाला गेलेली दोन शाळकरी मुलं ह्याच सरोवरात कालबैशाखीच्या वादळात बुडाली. त्यानंतर इथलं रोइंग काही काळ बंदच होतं. ते पुन्हा सुरू झालं तेव्हापासून चैत्र-वैशाखात स्ट्रोकदा संध्याकाळची बोट काढतच नाही. सकाळीही वायव्येला जरा काळं दिसलं, की "उद्या ४?" च्या जागी "आज नाही" एवढंच येतं. कारण लिहीत नाही. वहीत त्या दिवसाची नोंद कोणाच्याच खात्यावर पडत नाही. एकदा आम्ही तिघं उत्साहाने काठावर पोचलेलो असताना त्याने आम्हाला परत पाठवलं. पाऊस आलाच नाही. डॉक्टर चिडवायला गेले, पण त्याचा चेहरा बघून चहाचे पैसे देऊन मोकळे झाले.

शर्यत झाली ती क्लबाचीच, पाचशे मीटरची, मास्टर्सच्या दोन बोटी. आमच्याकडे जास्त वयाच्या बोटीला काही सेकंद आधी सोडायची पद्धत आहे. समोर होते चार निवृत्त गृहस्थ. एकाच्या कानात यंत्र, दुसऱ्याला बोटीत बसताना दोन मुलांनी धरलेलं. स्ट्रोकदाने महिनाभर आमच्या आहारावर नजर ठेवली होती. बँकवाल्यांचे रसगुल्ले चारावरून दोनावर आले होते. त्याच्या घरच्या दिवाणखान्यात रोइंगचं यंत्र आहे, त्याच्या लांब रुळावर वहिनी एरवी सांडगे वाळत घालतात. ते सांडगेही त्या महिन्यात गॅलरीत गेले. पहाटे त्यावर आम्हाला आळीपाळीने बसवून घेतलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, रोज एवढा मसाला कोणासाठी वाटता?

म्हातारे आधी सुटले. मग आम्ही. आम्ही जोर लावत होतो, घामाघूम होत होतो, कॉक्स घसा फोडून तिन्ही काकूंची नावं घेत होती. ते चौघं वल्हं मारत होते जणू अंगणात झोपाळ्यावर बसलेत. एकही थेंब उडत नव्हता. कॉलेजात असल्यापासून एकत्र वल्हवत होते म्हणे. चाळीस वर्षांत त्यांच्यात भांडणं झाली, एकाने दुसऱ्यावर जमिनीचा दावा लावला, तो दावा अजून चालू आहे. पण सोमवार, बुधवार, शनिवार चुकला नाही. अडीच बोटींनी त्यांनी आम्हाला मागे टाकलं.

काठावर मला वाटलं, स्ट्रोकदा हताश झाला असेल. तो तर त्यांच्या टेबलाशी उभा राहून कागदावर चार आकडे मांडत होता. परत आला तेव्हा डोळे पाणावलेले. "भाऊ," म्हणाला, "सदुसष्ट! गट जी! आणि चौघंही चालू!" ते जिंकले ह्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. चौघं टिकले, ह्याचं वाटत होतं.

ह्या गोष्टीला दोन महिने झाले. निवृत्तीला माझी दोन वर्षं उरली आहेत. त्यानंतर वाईला जायचं, कृष्णेच्या घाटावर बसायचं, पहाटे झोपायचं, असं मी ठरवलं होतं. वल्हं ठेवतो, असं सांगायला स्ट्रोकदाला मुद्दाम रविवारी घरी जेवायला बोलावलं. बायकोने पुरणपोळी केली होती. पुरणपोळीवर बोलणं सोपं जाईल असा अंदाज.

त्याच आठवड्यात वाईहून आमचे दादा आले होते. गंगासागर बघायचं होतं त्यांना. दादा म्हणजे काठीसारखे ताठ, धोतर, पहाटे चारला उठून सगळ्या घराला उठवणारे. स्ट्रोकदा आत आला, चपला काढल्या, आणि दादांना बघून दारातच थांबला. ती नजर मी ओळखली. गणपतीच्या दिवशीची.

जेवताना तो माझ्याशी बोललाच नाही. "पहाटे किती वाजता उठता?" त्याने दादांना विचारलं.

"चारला. का?"

"पोहता येतं?"

"कृष्णेला पूर आला की ह्या काठाहून त्या काठाला जायचो. आता नुसता डुंबतो."

"आणि वय..." त्याचा घास हातात तसाच राहिला. "खरं?"

"एकाहत्तर. आमच्या वेळी शाळेतलं अन् खरं एकच होतं. गुरुजी वडीलच."

स्ट्रोकदाने डोळे मिटले. ओठ हलायला लागले. दादांना वाटलं वदनी कवळ चाललंय, त्यांनीही हात जोडले. पण मी त्याच्यामागे बसून वल्हवलं आहे. तो डॉक्टरांचे एकोणपन्नास काढून त्या जागी एकाहत्तर घालत होता, हे मला दिसत होतं. "साडेअठ्ठावन्न," तो शेवटी पुटपुटला. "दोन वर्षांत एफ." मग वाटीतलं तूप पुरणपोळीवर ओतत अगदी सहज, हिशेबाच्या कागदावर सही मागावी तसं, त्याने दादांना विचारलं, "पायाला चप्पल किती नंबरची लागते?"

"आठ," दादा म्हणाले.

"बोटीत बूट नऊचे ठोकलेले आहेत," स्ट्रोकदा म्हणाला. "दोन मोजे घाला."